खाली न बघणारा गुरव

काल तुझी तेरवी झाली, दादा. पंगती उठल्या, मांडव सुटला, पाहुणे आपापल्या गाडीला लागले. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या तुझ्या त्या पत्र्याच्या दोन खोल्यांत, आता एकटी वहिनी आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मी सकाळच्या एसटीनं कळमनुरीला परत आले, दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि आत बसून हे लिहायला घेतलं. दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, ते मी लिहिणार नाही. ते पेपरवाल्यानं छापलं, तुझा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो लावून. फोटोत तू हसतोयस. मला मात्र तुझा शेवटच्या चार वर्षांतला चेहराच दिसतो. डोळे सताड उघडे, पापणी लवत नाही, कपाळाला आठ्या. लोक म्हणायचे, गुरव भ्यालेला दिसून राहिला. मी म्हणायचे, सोंग करतोय.

हो, मीच म्हणायचे. तुझी सख्खी धाकटी बहीण, सुमन, जिचं वीस वर्षांपासून चष्म्याचं दुकान आहे आणि जी रोज लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघते.

आपलं देऊळ काही नावाजलेलं नाही. शिरड शहापूरकडे जाताना रस्त्यावरून शिखर दिसतं, तेवढंच. पण पिढ्यान् पिढ्या आपल्या घरानं तिथल्या महादेवाला पाणी घातलं. सभामंडपातून सात पायऱ्या खाली उतरल्या की गाभारा. पायऱ्या उंच, घासून गुळगुळीत, बारा महिने ओल्या. तू लहानपणापासून त्या डोळे मिटून उतरायचास, आणि मला भीती वाटते म्हणून हसायचास. तुला आयुष्यात दुसरं काही यायचं नाही. शेती जमली नाही, बोलणं गोड नव्हतं, चार माणसांत उठबस नव्हती. सकाळी तांब्या भरून सात पायऱ्या उतरायच्या, एवढंच तुझं होतं. ते गावानं काढून घेतलं. त्यानंतर तुला एकच पाहिजे होतं. गावानं एकदा म्हणावं, की गुरव पीत नव्हता.

आता तू गेलास म्हणून तुला देवमाणूस करायचं, ते मला जमायचं नाही. तू प्यायचास. तरुणपणी भरपूर प्यायचास. मला बघायला कुरुंद्याची माणसं आली होती तेव्हा भर बैठकीत झोकांड्या खात आलास आणि सोयऱ्याच्या अंगावर पडलास. चहा घेऊन उभी होते मी. ती माणसं चहा न घेता उठली. नंतर तू पिंडीवर हात ठेवलास आणि सोडली, आणि खरंच सोडली, हे मला आज कळतं. मला नांदेडला डोळे तपासायच्या कोर्सला घालायला बाबा नाही म्हणत होते, तेव्हा तू दोन दिवस जेवला नाहीस. मला तिथल्या होस्टेलवर सोडून परत निघालास तर वळून बघितलं नाहीस, इतका रडत होतास. हे सगळं मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मी ते कुरुंद्याचंच काढायचे. तू म्हणायचास, "किती डाव सांगशील? झाली चूक." मी म्हणायचे, "तुझी चूक झाली, आयुष्य माझं गेलं." खरं तर माझं काही गेलं नव्हतं. एकटी आहे, ठणठणीत आहे, माझ्या दुकानाची मी मालकीण आहे. पण तुला टोचायला एक काटा हातात होता, तो टाकवत नव्हता. हे भांडण आता माझ्याच घशात राहिलं.

आजाराची सुरुवात तीर्थापासून झाली. ओंजळ पुढं केली की तू पळीतलं तीर्थ ओंजळीत टाकायच्याऐवजी मनगटावर, कधी बाहीवर ओतायला लागलास. बायका पदर झटकत मागं व्हायच्या. कुणी पायावर डोकं ठेवलं तर तू त्याच्याकडे बघायचा नाहीस, समोरच्या खांबाकडे बघत राहायचास. पोरीबाळी म्हणाल्या, गुरवाला माज आला. बापूराव म्हणाले, "नागोराव, अरे पाया पडणाऱ्याकडं बघावं तरी, लेका." बापूराव म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष आणि तुझे पहिलीपासूनचे सोबती.

मग जेवताना वरण शर्टावर. पाटावर बसून पुढ्यातल्या ताटात हात घालायचास तर भाकरीच्या जागी ठेचा हाती लागायचा. मी सुट्टीला आले होते, तेव्हा मी काय म्हणाले आठवतं? "लेकरागत लाळेरं बांधू का गळ्यात?" वहिनी हसली, मीही हसले. तू ताट तसंच सोडून उठलास. उठलास तोही एकदम, झटक्यानं, आणि मागच्या मागं भिंतीवर आदळलास.

तू स्वतः माझ्या दुकानात आलास, ते तर मला विसरताच येत नाही. मंगळवार, बाजारचा दिवस. बाकड्यावर बारा माणसं. तू म्हणालास, "सुमे, पोथी वाचता येत न्हाई."

मी तपासलं. लांबचं उत्तम, जवळचं वयाप्रमाणे. तुला दोन भागांचा चष्मा करून दिला, वरून लांबचं बघायचं, खालच्या काचेतून वाचायचं. महिन्यानं तू परत आलास. जमत नाही. मी काच बदलली. परत आलास. मी चिडले.

"अरे, खालच्या काचेतून बघ ना!"

"खाली बघताच येत न्हाई ना, सुमे."

"म्हणजे? दिसत नाही?"

"दिसतं. बघता येत न्हाई."

बाकड्यावरची माणसं हसली. मीही म्हणाले, "दादा, डोकं नको खाऊ, गर्दी आहे." तू चष्मा खिशात घातलास आणि उंबऱ्याला अडखळून बाहेर पडलास. नांदेडच्या डॉक्टरनं नंतर मशीन लावून जे काढलं, ते तू त्या दिवशी मला चार शब्दांत सांगितलं होतंस. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत बसून. मी वीस वर्षं डोळे तपासते आणि मला ऐकू आलं नाही.

मग श्रावण सोमवार. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तू भरलेली घागर घेऊन पायरी उतरायला गेलास आणि तिसऱ्या पायरीवरून मागं पडलास. पुढं पडला असतास तर लोक म्हणाले असते, ठेच लागली. मागं पडणाऱ्याला गाव एकच नाव देतं. वर तुझी जीभ जड झालेली, बोलणं लोळायला लागलेलं. जुन्या माणसांना तुझी जुनी सवय ठाऊक होतीच. दुपारपर्यंत गावभर झालं, की गुरव पिऊन गाभाऱ्यात उतरला.

बापूरावांनी तरीही घाई केली नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय. पुढच्याच महिन्यात माझं शिबिर होतं, सभामंडपात दरवर्षी असतं तसं, फुकट डोळे तपासायचं. खांबाला मी अक्षरांचा तक्ता टांगला होता. दिवसभर माणसं बघून माझी कंबर मोडली होती. सगळ्यात शेवटी बापूराव तुला घेऊन आले. मागं समितीची चार माणसं, बाकी गाव खांबाखांबाला टेकून उभं.

"सुमनबाई," बापूराव म्हणाले, "नागोरावचे डोळे बराबर बघा. डोळ्याची काही तकलीफ असंल तर तसं सांगा. आमाला बी त्याला काढायचं न्हाई."

ते माझ्याकडून वाट मागत होते रे. काहीही सांगितलं असतं, मोतीबिंदू सांगितला असता तरी चाललं असतं.

तू खुर्चीत बसलास. समोर तक्ता. तक्ता समोरच असतो ना, डोळ्यांच्या रेषेत, वीस फुटांवर. तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलंस. लहान पोरागत खूश झालास, शेवटची ओळ तर दोनदा वाचलीस. गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. मी तुझ्या डोळ्यांपुढं पेन धरून डावीकडून उजवीकडे नेलं, तुझे डोळे बरोबर मागं आले. एकदा खाली न्यायचं होतं. नुसतं एकदा, छातीपर्यंत. मी नेलं नाही. कंटाळले होते, आणि तुझा रागही आला होता, कारण माझ्या मते तू प्यायला लागला होतास आणि मला परत एकदा गावासमोर खाली मान घालायला लावत होतास. तोंडाला वास येतोय का, एवढंसुद्धा बघितलं नाही मी. एक हात अंतरावर उभी होते.

मी पेन मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "डोळ्यांत काही खोट नाही. खोट असेल तर ती बाटलीत बघा."

सगळा मंडप हसला. बापूराव हसले नाहीत. तू माझ्याकडे बघत होतास, ते सताड डोळे घेऊन, आणि मला वाटलं, बघ, निर्लज्जासारखा बघतोय. दुसऱ्या सोमवारी देवळाची सेवा चुलत्याच्या दत्ताकडे गेली. तू आणि वहिनी आखाड्यावर राहायला गेलात. पोरं रस्त्यानं जाताना ओरडायची, खोट बाटलीत, खोट बाटलीत. माझं वाक्य गावाला फार आवडलं होतं.

वर्षभर तू बाजेवर बसून काढलंस. मग पाणी पिताना ठसका, घास अडकायला लागला. वहिनीनं फोन केला, "ताई, हे दारूचं न्हाई. मी चोवीस तास संगट हाय, कुठून आणतील? तुमी एकदा घेऊन चला." मी नाराजीनंच गाडी केली. आपण तिघं नांदेडला गेलो.

तिथली मेंदूची डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होती. तिनं आधी तुझं चालणं बघितलं, मग तुझ्यासमोर स्टुलावर बसली आणि पेन धरलं. डावीकडे नेलं नाही, उजवीकडे नेलं नाही. आधी सरळ खाली नेलं. तुझे डोळे जागचे हलले नाहीत. मी तुझ्या मागं उभी राहून ते बघत होते.

"काम काय करता?"

"गुरव हाये," तू म्हणालास.

"पायऱ्या उतरताना त्रास होतो?"

तू मान हलवलीस. मग ती म्हणाली, माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि दोन्ही हातांनी तुझी हनुवटी हळूहळू वर उचलली. तुझी नजर तिच्या नाकावर तशीच राहिली, म्हणजे तुझी बुबुळं खोबणीत अलगद खाली सरकली. ती मला म्हणाली, "बघा, डोळा खाली जातो. डोळा चांगला आहे, त्याला हलवणारे स्नायूही चांगले आहेत. स्वतःहून खाली बघा म्हटलं की मेंदूतून हुकूम निघायला पाहिजे, तो डोळ्यापर्यंत येत नाही."

मग त्यांनी तुला अंधाऱ्या खोलीत नेलं. डोळ्यांना घट्ट बसणारा काळा चष्मा, आत कॅमेरा. समोर पडद्यावर लाल ठिपका, तो उडी मारेल तिकडे बघायचं. बाजूच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नजरेची रेघ उमटत होती. ठिपका डावी-उजवीकडे गेला तेव्हा रेघेनं बऱ्यापैकी उड्या मारल्या. वर गेला तेव्हा रेघ कशीबशी रांगत गेली. खाली गेला तेव्हा रेघ सपाट. ठिपका परत खाली, परत सपाट. आतून तुझा आवाज आला, "दिसून राहिला ना मला! खालीच हाये! दिसून राहिला!" तुला वाटलं आपण नापास होतोय.

आजाराला तिनं पीएसपी म्हटलं. मेंदूच्या आतल्या काही पेशी झिजत जातात. आधी खाली बघणं जातं, तोल जातो, माणूस मागं पडतो, मग जीभ, मग गिळणं. गोळी देऊन बघू म्हणाली, पण भरवसा ठेवू नका. मी विचारलं, "दारूनं होतं का?" ती म्हणाली, "दारूचा काडीचा संबंध नाही. चालण्याबोलण्यावरून लोक असल्या पेशंटला दारुडा ठरवतात, हे मात्र नेहमीचं आहे."

तू सगळं ऐकलंस. मरणाचं ऐकून काही बोलला नाहीस. दारूचं ऐकल्यावर टेबलाला धरून उभा राहिलास, पडता पडता वाचलास, आणि म्हणालास, "बाई, हे लिहून द्या." तिनं रिपोर्टसोबत वेगळ्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या. या माणसाचं पडणं आणि बोबडं बोलणं मेंदूच्या आजारामुळे आहे, मद्यपानाशी त्याचा संबंध नाही. खाली सही, शिक्का.

परत येताना तू तो कागद दोन्ही हातांनी तोंडासमोर उभा धरून बसला होतास. मांडीवर धरून तुला वाचता आलाच नसता. खड्ड्यात गाडी आदळायची, कागद हलायचा, तू परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचास. वसमत गेल्यावर मी रडायला लागले आणि म्हणाले, "दादा, माफ कर रे." तू कागदाची घडी केलीस, चाचपत माझ्या हातात दिलीस.

"माफी न्हाई पाहिजे मला. तू समद्याइसमोर बोलली व्हतीस. आता समद्याइसमोर हे वाच. तूच वाच."

वहिनीला दिला नाहीस, मलाच दिलास. तूही काही कमी कठोर नव्हतास, दादा.

मी पुढच्या सोमवारी खरंच गेले. पर्समध्ये कागद होता. मंडपात बापूराव होते, आणखी सात-आठ माणसं. चहा मागवला माझ्यासाठी. एकानं चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून दाखवली, दुसऱ्यानं आईला मंगळवारी घेऊन येऊ का विचारलं. "तुमच्या हाताला गुण हाये, सुमनबाई," म्हणाला. बापूराव म्हणाले, "नागोराव कसाय?" मी म्हणाले, "आहे, बरा आहे." चहा प्याले आणि उठले. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. अर्धं गाव माझ्या शब्दावर डोळ्यांना काच लावतं, आणि मला सख्ख्या भावाचे डोळे कळले नाहीत, हे माझ्या तोंडानं सांगायचं होतं. म्हटलं, महाशिवरात्रीला सांगू. सगळं गाव असतं.

तिथून आखाड्यावर आले. तू खुर्चीत बसून वाटच बघत होतास.

"वाचलंस?"

मी म्हणाले, "वाचलं."

इतकं सोपं होतं ते. तोंडातून निघून गेलं.

"समदे व्हते?"

"होते."

"बापू काय म्हणला?"

इथं तरी थांबायचं होतं मी. मी म्हणाले, "काय म्हणणार? वाईट वाटलं त्यांना. येतो म्हणाले भेटायला."

तू वहिनीला हाक मारून धुतलेला सदरा काढायला लावलास.

दुसऱ्या दिवशी तू खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगितलीस. तुझं एक बरं होतं, समोरचं तुला लख्ख दिसायचं. मोटारसायकलचा आवाज आला की तू झटक्यानं उठायला बघायचास, वहिनी धावून धरायची. मी आले की पहिला प्रश्न, "बापू न्हाई आला?" मी म्हणायचे, हळद काढणीची गडबड आहे, येतील. महाशिवरात्र आली, मी गेलेच नाही. आता काय सांगणार होते? वाचलं असतं तर तुला कळलं असतं की आधी वाचलं नव्हतं. एक खोटं झाकायला मी चौदा महिने दर पंधरवड्याला एक नवीन खोटं घेऊन आले. समितीत वाद चालू आहे. दत्ता आडवा येतोय. बापूरावांचा गुडघा दुखतोय. त्या माणसाचा गुडघा धड आहे.

वहिनीनं गावाशी बोलणं टाकलं. गिरणीवर बापूरावांची बायको "कशी हायेस" म्हणाली तर ही तोंड फिरवून निघाली. तिला वाटायचं, सगळं कळून हे लोक असे वागून राहिले. त्यांना वाटायचं, नवऱ्याची सेवा गेली म्हणून हिला राग. दोन्हीकडून मीच कळ लावत होते आणि दोन्हीकडे चहा पीत होते.

नंतर तू विचारायचं बंद केलंस. तेव्हा मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. दिवाळीनंतर एकदा मी तुला पेज भरवत होते, चमचा तोंडासमोर उंच धरून, तुला दिसेल असा. शिकले होते तेवढं. तुझं बोलणं तोपर्यंत कुणाला कळत नव्हतं. तू एक एक शब्द सोडवत, मध्ये ठसकत, बराच वेळ लावून म्हणालास, "सुमे... लोक... लई वाईट हायेत गं."

मी म्हणाले, "हो रे, दादा."

आणि तोंड पुसलं तुझं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पेज छातीत गेली, ताप भरला आणि तू गेलास. जाताना काय म्हणालास वगैरे काही नाही. काही म्हणालाच नाहीस. डोळे मिटायला वहिनीला दोन माणसांची मदत घ्यावी लागली.

बापूराव आले. सगळ्यांच्या आधी आले, खांदा द्यायला पुढं झाले. वहिनी त्यांच्या अंगावर धावून गेली, "आता आलात? आता काहून आलात?" बायकांनी तिला धरलं. सगळ्यांना वाटलं दुःखानं बोलून राहिली. मला माहीत होतं कशानं. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहून पदर तोंडाला लावला.

आणि काल तेरवी. शेवटची पंगत उठली. सगळं गाव मांडवात सतरंजीवर बसलेलं. बापूराव हात जोडून वहिनीसमोर आले.

"वहिनी, तो माझा लहानपणचा सोबती व्हता. माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा. त्याच्या समोर यायची मला हिंमत झाली न्हाई, मीच त्याला काढला व्हता. पण तुमी बोलणं काहून टाकलं?"

वहिनी म्हणाली, "कागद ऐकून बी तुमी आला न्हाईत."

"कोणता कागद?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं.

कागद माझ्या पर्समध्येच होता. काढला. चार ओळी होत्या, वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे समद्याइसमोर मीच वाचला. तारीखही वाचली, कारण बापूरावांनी विचारली. मग मंडपातल्या शिबिराचं सांगितलं, की मी पेन खाली नेलंच नव्हतं.

मला वाटलं होतं, शिव्या घालतील. दुकानाला कुलूप लागेल. तसं काहीच झालं नाही. एक म्हातारी नुसती "आगं माय, आगं माय" करत राहिली. दत्ता उठून मांडवाबाहेर गेला. बापूराव माझ्यासमोर खाली बसले, सतरंजीवर नाही, मातीत, आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन.

"एवढंच व्हतं, बाई? एक डाव सांगायचं ना. मी पाठंगुळी घेऊन उतरवलं असतं त्याला गाभाऱ्यात. रोज उतरवलं असतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी समदेच गेलो असतो ना आखाड्यावर. आम्हाला काय ठाऊक?"

वहिनी माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अगदी हळू म्हणाली, "ताई, बापूराव येतो म्हणले, असं तुमीच सांगितलं व्हतं ना त्याइला? तवापासून ते तिथं बसले व्हते."

मी हो म्हणाले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दादा, माफी तुला तेव्हाही नको होती, म्हणून मागत नाही. मला फक्त एक दुरुस्त करायचं आहे, आणि ते आता तुझ्यापर्यंत पोहोचायची काही सोय नाही, हे कळूनच लिहिते आहे. लोक वाईट आहेत, असं धरून तू गेलास. मी त्याला हो म्हणाले होते. ते खोटं होतं. ते आले असते, दादा. सगळे आले असते.